रस्ता चालकाशी काय बोलतो? (परिसर अभ्यास व रस्ता सुरक्षा : इयत्ता ४ थी व ५ वी)



रस्ता सुरक्षेचा पाठ आला की आपण सिग्नलचे तीन रंग शिकवतो, झेब्रा क्रॉसिंगचं चित्र काढून घेतो. पण आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांसमोर ना सिग्नल आहे, ना पांढरे पट्टे. तिथे मुलाचा जीव एकाच गोष्टीवर अवलंबून असतो, ती म्हणजे समोरून येणाऱ्या चालकाचं लक्ष. म्हणून चालकाच्या मनात काय चाललेलं असतं, हेही मुलांना शिकवायला हवं.

रस्ता बदलला की मन बदलतं

चालक फक्त डोळ्यांनी गाडी चालवत नाही. आजूबाजूचा परिसर त्याच्या मनावर सतत परिणाम करत असतो. आपल्याच भागातली तीन उदाहरणं बघा.

१) घाट : अकोल्याहून पातूर ओलांडून मेडशीकडे येताना वळणं लागतात. पुढचं दिसत नाही, म्हणून थोडी भीती वाटते. हात स्टिअरिंगवर घट्ट होतात, वेग आपोआप कमी होतो. इथे भीती चालकाला सावध ठेवते.

२) बाजाराचा दिवस : हातगाड्या, ऑटो, मधेच उभी दुचाकी, सगळीकडून हॉर्न. चालक चिडतो. चिडलेला माणूस घाई करतो आणि मोकळी जागा दिसली की गाडी दामटतो.

३) समृद्धी महामार्ग : नागपूर ते मुंबई असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा. इथे कारसाठी ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. रस्ता सरळ, रुंद आणि एकसारखा. ना गाव मधे येतं, ना चौक. चालकाला निवांत वाटतं, आणि धोका तिथेच सुरू होतो. डोळे उघडे असतात पण मन भलतीकडे. मागचे पाच-दहा किलोमीटर कसे गेले, हे आठवतही नाही. याला 'महामार्ग संमोहन' म्हणतात. समृद्धीवरच्या अपघातांच्या चर्चेत हा शब्द अनेकदा आला.

थोडक्यात, रस्ता चांगला असला म्हणजे चालक सावध असतोच असं नाही. उलट जिथे त्याला सर्वांत सुरक्षित वाटतं, तिथेच त्याचं लक्ष सैल पडू शकतं.

झाडांचं काम

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६० तरुणांना रस्त्यावरच्या प्रवासाच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. ज्यांनी झाडं, हिरवळ असलेला रस्ता पाहिला, त्यांचा ताण इमारती-दुकानांचा रस्ता पाहणाऱ्यांपेक्षा लवकर उतरला. जुन्या रस्त्यांच्या कडेची कडुनिंबाची, चिंचेची झाडं सावली तर देतातच, शिवाय जवळून मागे पळणारी झाडं बघून आपण किती वेगात आहोत याचा अंदाजही येतो. उघड्या माळावर तोच वेग कमी वाटतो.

महामार्गावरून गावात

हा मुद्दा पालकांनी नीट लक्षात घ्यावा. तासभर १२० च्या वेगात गाडी चालवून जो महामार्गावरून खाली उतरतो, त्याला ताशी ६० चा वेगसुद्धा बैलगाडीसारखा वाटतो. मन जुन्या वेगाला सरावलेलं असतं. त्याला वाटतं आपण हळू चाललोय, आणि पुढच्याच फाट्यावर दप्तर घेतलेली मुलं उभी असतात.

वर्गात घ्यायचे उपक्रम

• मैदानावरचं गणित : ताशी १२० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं. म्हणजे 'एक' म्हणेपर्यंत गाडी अख्खं मैदान ओलांडून पुढे! ताशी ६० ला साधारण १७ मीटर. मुलांना टेपने मोजू द्या. चालकाने ब्रेक दाबायच्या आधीच एवढं अंतर गेलेलं असतं, हे त्यांना स्वतःला कळू द्या.

• कागदाची नळी : वहीच्या कागदाची नळी करून एका डोळ्याने समोर बघायला सांगा, दुसरा डोळा बंद. बाजूने मित्र आला तर दिसतो का? वेगात चालकाचं लक्षही असंच समोर एकवटतं आणि कडेचं निसटतं.

• घरी मुलाखत : बाबा, काका, शेजारचे ऑटोवाले किंवा एसटीचे चालक यांना विचारा : कुठे झोप येते? कुठे राग येतो? कुठे भीती वाटते? उत्तरांचा फळ्यावर तक्ता करा.

शेवटी मुलांकडून एक वाक्य पाठ करून घ्या : "मला गाडी दिसली, म्हणजे गाडीवाल्याला मी दिसलो असं नाही." गाडी थांबेपर्यंत किंवा निघून जाईपर्यंत पाऊल टाकायचं नाही.

पालकहो, तुमच्यासाठीही एक गृहपाठ. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबा, पाय मोकळे करा. आणि महामार्ग सोडून गावाकडे वळलात की मनाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, काट्याकडे बघा. फाट्यावर उभं असलेलं लेकरू कुणाचंही असू शकतं.

उपक्रम घेतल्यावर मुलांनी काय उत्तरं आणली, ते जरूर कळवा.