कुमारवयातील जबड्याच्या सांध्याचे दुखणे
कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास जबड्याचा सांधा हलताना जाणवतो. कुमारवयात त्याचे दुखणे पुष्कळदा कानाचे वा दाढेचे समजले जाते आणि प्रसंगी निरोगी दाढेवर उपचार होतात. अभ्यासाच्या ताणात नकळत दात आवळल्याने चर्वणाचे स्नायू थकतात, हे त्याचे एक कारण होय. मऊ आहार, ऊन शेक आणि 'ओठ मिटलेले, दात सुटे' ही सवय यांनी बहुतेकांना आराम पडतो. वेदनारहित 'कट्' आवाजास सहसा उपचार लागत नाहीत. म्हणून दाढ काढण्याची वा शस्त्रक्रियेची घाई करू नये. मात्र स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तर विलंब न लावता तपासणी करून घ्यावी. त्यामागे संधिवात अथवा सुपारी-गुटख्याने गालांस आलेला ताठरपणा असू शकतो.