ईझीप्रॉक्सीची कॉन्फिग फाइल हाती घेताना

ग्रंथालयाबाहेरच्या वाचकांना आपले डेटाबेस उघडून देणारं ईझीप्रॉक्सी आता तुझ्याकडे आलंय, तर पहिल्याच दिवशी सांगते. बाहेरून आणलेला स्टॅन्झा, म्हणजे एका डेटाबेससाठीच्या ओळींचा गट, ओळ न् ओळ वाचल्याशिवाय कॉन्फिग फाइलमध्ये चिकटवायचा नाही. मग तो ओसीएलसीच्या यादीतला असो, प्रकाशकाने मेलवर पाठवलेला असो, नाहीतर दुसऱ्या विद्यापीठातल्या मैत्रिणीने दिलेला असो. हे सॉफ्टवेअर मुळात क्रिस झेगर या अमेरिकी ग्रंथपालाने लिहिलं, 2008 मध्ये ते ओसीएलसीकडे गेलं. त्याची रचना ग्रंथपालाला वाचता येईल अशीच आहे, त्यामुळे 'हे आयटीवाल्यांचं काम' म्हणून बाजूला सारू नकोस.

स्टॅन्झा साधा असतो. टायटलची ओळ, मग सुरुवातीचा यूआरएल, त्याखाली होस्ट आणि डोमेनच्या ओळी. खरं लक्ष डोमेनच्या ओळीवर ठेव. 'या नावाखालची प्रत्येक साइट आमच्या आयपीवरून उघडू दे', असा तिचा अर्थ होतो. जेस्टोरसाठी जेस्टोरचंच डोमेन हवं. कुणी सोय म्हणून एखादं भलंमोठं, सगळ्यांचं डोमेन टाकलं असेल, तर ते काढून नेमका होस्ट लिही. चोरीला गेलेल्या एका पासवर्डवरून कुणी हजारो लेख उपसले, की प्रकाशक आपला आयपीच बंद करतो. मग प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यातली मुलंही बाहेर राहतात. म्हणून अति डाउनलोडला आळा घालणारी यूसेजलिमिटची ओळही घालून ठेव.

फाइल वरून खाली वाचली जाते, हे पक्कं ध्यानात ठेव. काही स्टॅन्झांच्या टायटलच्या वर 'ऑप्शन डोमेनकुकीओन्ली' असते आणि शेवटी 'ऑप्शन कुकी'. घाईत लोक टायटलपासून कॉपी करतात आणि वरची ओळ मागे राहते, मग ती साइट लॉगिन धरत नाही. शेवटची ओळ राहिली तर आणखी वाईट, कारण वरच्या ओळीचा अंमल खालच्या सगळ्या डेटाबेसवर चालू राहतो. तक्रार भलत्याच प्रकाशकाबद्दल येते आणि आपण भलतीकडे शोधत बसतो. कुठल्या आयपीला लॉगिन विचारायचं नाही हे सांगणाऱ्या ऑटोलॉगिनआयपी, एक्स्क्लूडआयपी या ओळींचंही तसंच, त्या ज्या डेटाबेसच्या वर असतात त्यांनाच लागू पडतात.

सगळं एका लांबलचक फाइलमध्ये कोंबू नकोस. प्रकाशकागणिक वेगळी फाइल कर आणि मुख्य फाइलमधून इन्क्लूडफाइलने ती ओढून घे. प्रत्येकीच्या डोक्यावर हॅशची खूण देऊन लिही: कुठून आणली, कधी आणली, आपण काय बदललं. प्रकाशक घर बदलतात. 2010 मध्ये वायली इंटरसायन्स जाऊन वायली ऑनलाइन लायब्ररी आली. अशा वेळी कुठली ओळ जुनी आणि कुठली आपली, हे त्या टिपेवरूनच कळतं. वर्डमध्ये फाइल उघडू नकोस, साधा टेक्स्ट एडिटर बरा. बदल करण्याआधी तारखेच्या नावाने एक प्रत बाजूला काढ.

यूजर फाइलमधला बदल लगेच लागू होतो, कॉन्फिगमधला मात्र ईझीप्रॉक्सी रीस्टार्ट केल्यावरच. रीस्टार्टनंतर मेसेजेस फाइलच्या शेवटच्या ओळी वाचायच्या. मग चाचणी. ती ग्रंथालयात बसून घेऊ नकोस. तिथे आयपीमुळे सगळं उघडतंच, प्रॉक्सी चालते की नाही हे कळत नाही. फोनचा वायफाय बंद कर, मोबाइल डेटावर लॉगिन कर आणि मुखपृष्ठ दिसलं म्हणून थांबू नकोस. एखादा लेख शोधून त्याची पीडीएफ उघड. पीडीएफ बऱ्याचदा दुसऱ्याच होस्टवरून येते आणि गाडी तिथे अडते.

अडली की पडद्यावर निरोप येतो, की हा होस्ट आधी कॉन्फिगमध्ये मंजूर करावा लागेल. विद्यार्थ्यांना सांगून ठेव, त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा. होस्टचं नाव त्यातच असतं. ते खरंच त्या प्रकाशकाचं आहे ना, एवढं पाहून तेवढीच ओळ वाढव. आणि बरेच नवे स्टॅन्झा एकदम आणलेस, तर एकूण किती होस्ट चालतील हे ठरवणारा मॅक्सव्हर्च्युअलहोस्ट्सचा आकडा तपास. मुळात तो 200 असतो, मोठ्या ग्रंथालयाला अपुरा पडतो.