अभ्यासाचं टेबल: मुलाच्या उंचीचं, घराच्या मापाचं

नवी मुंबईच्या पावणे, कोपरखैरणे, तुर्भे भागातल्या वन आरके किंवा वन बीएचकेमध्ये अभ्यासाचं टेबल घेताना बहुतेक जण दुकानातलं ४ बाय २ फुटांचं, ३० इंच उंचीचं तयार टेबल उचलतात. ते मोठ्यांच्या मापाचं असतं. पाचवी-सहावीतलं मूल त्यावर खांदे वर उचलून लिहितं आणि पाय लोंबकळत राहतात. त्यापेक्षा माप देऊन करून घ्या. खर्च बहुधा वाढत नाही, जागा मात्र वाचते.

माप कुठून घ्यायचं?

जपानमध्ये शाळेच्या बाकांचं राष्ट्रीय मानक मुलाच्या उंचीवर बेतलेलं आहे. १९९९ पासून टेबलाचा पृष्ठभाग ६५ बाय ४५ सेंटिमीटरचाही असतो. त्याआधी तो ६० बाय ४० होता. उंची अशी:

- मूल १२० सेंमी: टेबल ५२, खुर्चीची बैठक ३०
- मूल १३५ सेंमी: टेबल ५८, बैठक ३४
- मूल १५० सेंमी: टेबल ६४, बैठक ३८
- मूल १६५ सेंमी: टेबल ७०, बैठक ४२

मूल १५ सेंटिमीटर वाढलं की टेबल ६ सेंटिमीटर चढतं. म्हणून पायांत ६-६ सेंटिमीटरवर भोकं ठेवली, तर एकच टेबल कॉलेजपर्यंत पुरतं.

जागेचा हिशेब

शहरी घरांची तंगी जपानलाही आहे. तिथल्या सरकारी धोरणात किमान घर एकट्यासाठी २५ आणि चौघांसाठी ५० चौरस मीटर धरलं आहे (लहान मुलं कमी मोजतात). आपल्याकडे २०१५च्या पंतप्रधान आवास योजनेत अत्यल्प उत्पन्न गटातल्या अख्ख्या कुटुंबासाठी ३० चौरस मीटर, म्हणजे ३२३ चौरस फूट कार्पेट धरलं होतं. त्यामुळे फूट-फूट मोजावा लागतो.

खुर्ची मागे सरकवायला ७० सेंटिमीटर धरा. दुकानातलं मोठं टेबल सुमारे १७ चौरस फूट अडवतं, ६५ बाय ४५ सेंटिमीटरचं छोटं ८. कार्पेटचा भाव १५ हजार रुपये फूट धरला, तर ९ फुटांची किंमत १ लाख ३५ हजार होते. टेबलापेक्षा त्याखालची लादी महाग!

खर्च किती?

पावणे एमआयडीसीच्या पट्ट्यातल्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सांगाडा आणि सुताराकडून फळी, असा हा अंदाज. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून दोन ठिकाणी विचारा.

- १८ मिमी प्लायचा कट पीस, साडेतीन चौरस फूट: ३०० ते ४०० रुपये
- सनमायका आणि कडेची पट्टी: २५० ते ३५०
- २५ मिमी चौकोनी पाइपचा सांगाडा, साधारण साडेसात किलो, रंगासह: ९५० ते १,२५०
- पायांच्या आत सरकणारा २० मिमी पाइप, भोकं, बोल्ट: ३०० ते ४००
- सुताराची मजुरी: ५०० ते ७००

एकूण २,३०० ते ३,१०० रुपये. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

खर्च कुठे वाचतो, कुठे वाचवू नये?

एका टेबलासाठी अख्खी ८ बाय ४ ची प्लाय घेऊ नका. शेजारच्या सात-आठ घरांनी मिळून घेतली तर मात्र परवडते: एका शीटमधून नीट कापल्यास आठ फळ्या निघतात. पावडर कोटिंगवालेही एका नगापेक्षा लॉटला बरा भाव देतात. एकट्यासाठी रेड ऑक्साइडवर स्प्रे रंग पुरेसा आहे.

नवी खुर्ची नको असेल, तर घरातली ४५ सेंटिमीटर बैठकीची चालवता येते. तेव्हा १३५ सेंटिमीटरच्या मुलासाठी टेबल ६९ सेंटिमीटरवर लावा आणि पायांखाली ११ सेंटिमीटरचा पाट ठेवा.

पाइपच्या जाडीत काटकसर नको. १.६ मिमीपेक्षा पातळ घेतला तर टेबल डगमगतं. पायांना रबरी बूच आणि फळीला गोल कोपरे मागून घ्या.

ऑर्डर देताना

कागदावर चार गोष्टी लिहून द्या: फळीचं माप, आजची आणि शेवटची उंची, पाइपची जाडी, रंगासह किलोचा दर. सांगाडा घेताना समोर वजन करा आणि मुलाला बसवून पाहा. कोपर टेबलाच्या पातळीला आणि तळपाय पूर्ण जमिनीला टेकले, की मगच उरलेले पैसे द्या.