कॉकपिटचा मूळ रंग ओळखण्याची कृती

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचा सुटा भाग हाती येतो तेव्हा त्यावर कारखान्याचा, दुरुस्तीचा आणि पुढे कुणी हौसेने मारलेला, असे रंगाचे थर असतात. वरचा रंग पाहून डबा आणू नये. आधी खालचे थर तपासावेत.

साहित्य : दहापट भिंग, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर, सौम्य साबण, सुती फडकी, हातमोजे, मास्क, कॅमेरा. रंगपट्ट्या ब्रिटिश भागासाठी बीएस ३८१सी, अमेरिकनसाठी एफएस ५९५.

कृती

१. अंधारात चमकणाऱ्या जुन्या डायलांत रेडियम असू शकते. चमक गेली तरी किरणोत्सर्ग उरतो, म्हणून ती उघडू वा खरवडू नयेत.

२. भागाचे फोटो काढावेत. तपासनिसाचे शिक्के आणि भाग-क्रमांक जपावेत. शिक्का ज्या थरावर, तो बहुधा कारखान्याचा.

३. नामपट्टी, क्लिप किंवा स्विचबॉक्स यांच्याखालची, ब्रश न पोचलेली जागा निवडावी. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावी. थिनर लावू नये, थर विरघळतात.

४. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पाणी लावून गोलाकार घासावी. मध्यभागी धातू दिसताच थांबावे आणि बारीक पेपरने कडा उतरत्या कराव्यात. थरांची वर्तुळे दिसू लागतील. कोरडे घासू नये : झिंक क्रोमेटची धूळ कर्करोगकारक असते. गाळ फडक्यावर टिपून वेगळा ठेवावा.

५. भिंगातून पाहावे. धातूलगतचा थर बहुधा प्रायमर. दोन थरांमध्ये मळाची रेघ असेल, किंवा खालच्या भेगांत वरचा रंग उतरला असेल, तर वरचा थर उशिरा चढला. अमेरिकन भागांत पिवळ्या झिंक क्रोमेटमध्ये काळा मिसळूनही हिरवा रंग करत, त्यामुळे छटा कमीजास्त सापडते.

६. घासलेली जागा फिकट दिसते, म्हणून ती ओली करून रंगपट्टी शेजारी धरावी. दिवसाच्या उजेडात, सावलीत पाहावे. ट्यूबलाइटखाली जुळलेले रंग बाहेर वेगळे निघतात. स्पिटफायरच्या कॉकपिटच्या करड्या-हिरव्याला २८३, अमेरिकन इंटीरियर ग्रीनला ३४१५१ हे नंबर जवळचे आहेत.

७. आणखी दोन ठिकाणी हेच करावे. उन्हाने रंग फिकटतो, तर अंधारात तेलाचा रंग पिवळा पडतो. एका जागेवर विसंबू नये.

टीप : नंबर, फोटो आणि जागा लिहून ठेवाव्यात. एक तुकडा न रंगवता राखावा. पुढच्या माणसाला तोच पुरावा.