भाव पाहिला, माल नाही पाहिला

एप्रिल 2022 मधली गोष्ट. पहाटे साडेपाचला भट्टीवरच्या मिस्त्रीचा फोन आला, ‘भाऊ, ढिगातून धूर निघून राह्यला. लवकर या.’ मी पोहोचलो तेव्हा दीडशे टनांच्या कोळशाच्या ढिगाला मधोमध भेग पडली होती आणि तिच्यातून पिवळसर धूर वर येत होता. वास डोक्यात जाणारा. लोडरने ढीग फोडायला घेतला तर आतून लाल निखारे बाहेर पडले. पन्नास-साठ टन माल आमच्या डोळ्यांदेखत राख झाला. तेव्हा कोळशाला सोन्याचा भाव होता, आणि त्यातला बराचसा माल मी उधारीवर उचललेला होता.

वणीजवळ राजूरच्या परिसरात आमच्या दोन चुनाभट्ट्या आहेत. वडिलांनी त्या इथे लावल्या, कारण चुनखडी इथे आणि कोळसाही इथेच. वर्धा खोऱ्यातल्या खाणी घरापासून हाकेच्या अंतरावर. घुग्घुस, मुंगोली, निलजई, उकणी ही नावे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे एक गैरसमज रक्तातच भिनला होता, की बाकी कशाची चणचण होईल, कोळशाची होणार नाही. ज्यांच्या धंद्यात कोळसा जळतो त्या माझ्यासारख्या लहान माणसांसाठी हे लिहितो आहे. वीटभट्टीवाले, चुनाभट्टीवाले, छोटा बॉयलर चालवणारे, सगळ्यांसाठी.

माझी चूक 2020 च्या उन्हाळ्यात सुरू झाली. टाळेबंदीत कारखाने बंद होते, विजेची मागणी पडलेली होती, खाणींच्या तोंडाशी कोळशाचे डोंगर साचले होते. लिलावात माल मूळ भावाच्या आसपास सुटत होता. जगाच्या बाजारातही तीच गत होती. ऑस्ट्रेलियाच्या न्यूकॅसल बंदरातला औष्णिक कोळसा 50 डॉलर टनापर्यंत उतरला होता. मी त्या वर्षी स्वस्तात भट्टी चालवली आणि तोच भाव कायमचा समजून बसलो. जून 2021 मध्ये एका साखर कारखान्याशी करार केला. नोव्हेंबर ते मार्च, गाळपाच्या हंगामात, 1,200 टन कळीचा चुना, ठरलेल्या एकाच दराने. उसाचा रस निवळायला चुना लागतो आणि हंगाम एकदा सुरू झाला की कारखाना कोणासाठी थांबत नाही. आमच्या भट्टीत टनभर चुन्याला साधारण 300 किलो कोळसा जातो, म्हणजे मला 360 टन हवे होते. अंगणात होते 60. पावसाळ्यात ओला माल कशाला घ्यायचा, दसऱ्यानंतर घेऊ, असा मी विचार केला.

दसऱ्यापर्यंत चित्र पालटले. टाळेबंदीनंतर विजेची मागणी उसळली, सप्टेंबरच्या पावसाने खाणींत पाणी भरले, आणि परदेशी कोळसा इतका महागला की त्यावर चालणाऱ्या केंद्रांनी हात आखडता घेतला. मग सगळा भार देशी कोळशावर आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला देशातल्या वीज केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचा साठा उरला होता. अशा वेळी सरकार काय करते? वीज आधी. कोल इंडिया या सरकारी कंपनीने बिगर-वीज ग्राहकांचे लिलाव काही काळ थांबवले आणि रेक वीज केंद्रांकडे वळवल्या. त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात राग नाही. दवाखान्यातली वीज जाऊ नये म्हणून माझी भट्टी थांबली, तर ते समजू शकते. पण रांगेत मी कुठे उभा आहे हे मला आधी कळायला हवे होते. आमच्या भागातल्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचा बहुतेक कोळसा वीज केंद्रांना जातो. चंद्रपूरचे केंद्र एकटेच 2,920 मेगावॉटचे. कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, परळी पुढे आहेतच. माझ्या दारावरून जाणारी गाडी माझी नसते, हे खाणीच्या गावात राहणाऱ्याने पहिल्या दिवशी समजून घ्यावे.

दसऱ्याची वाट पाहतानाच सप्टेंबरात मी लिलावातल्या एका लॉटवर बोली लावून ठेवली होती. पैसे भरले, डीओ (माल उचलण्याची परवानगी) हाती आली. रस्त्याने माल उचलायला 45 दिवसांची मुदत होती. पहिले दिवस पावसात गेले, खाणीचा रस्ता चिखलात. नंतर रस्ता उघडला तर माझ्याकडे गाड्या नाहीत! सोयाबीन बाजारात यायला लागले की आमच्याकडचे ट्रक तिकडे पळतात, आणि मी कोणाशी आधी बोलून ठेवले नव्हते. एक तृतीयांश माल उचलला, बाकीची मुदत संपली, न उचललेल्या मालाची अनामत गेली. यात दोष माझा एकट्याचा. डीओ म्हणजे कोळसा नव्हे. ज्या दिवशी बोली लावता त्याच दिवशी गाड्यांचे बोलणे पक्के झालेले असावे.

मग मी व्यापाऱ्याच्या कोळसा डेपोच्या दारात गेलो. घाबरलेले गिऱ्हाईक व्यापाऱ्याला लांबूनच ओळखू येते. मी भाव विचारला, थोडा कमी करून घेतला आणि जिंकल्यासारखा परत आलो. माल उतरला तेव्हा मिस्त्रीने ढिगात पावडा घातला, खालचा माल ओंजळीत घेतला आणि म्हणाला, ‘भाऊ, तुमी भाव पाह्यला, माल नाई पाह्यला.’ वर ठसठशीत मोठे दगडी कोळसे, आत ओली भुकटी आणि राखाडी पाषाण. भट्टीत चुनखडीचे आणि कोळशाचे थर एकावर एक येतात, मधून हवा खेळावी लागते. भुकटीने ती वाट बुजली. राख वितळून गोळे धरले आणि एक भट्टी जाम झाली. दुसरीतून अर्धकच्चा चुना निघाला. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो बसला नाही आणि तीन गाड्या परत आल्या. दोन्हीकडचे भाडे मला पडले.

हे सगळे भरून काढायला जानेवारीत मी उलट चूक केली. मिळेल तिथून मिळेल तो कोळसा उचलून साठवला, नवा-जुना एकत्र, उंच ढिगात. त्याचे काय झाले ते सुरुवातीला सांगितलेच. घरच्या शेतातले तीन एकर त्या वर्षी विकले. त्या तुकड्यात आईने स्वतः कापूस वेचला होता. ती काही बोलली नाही.

आता जे शिकलो ते सांगतो.

कोळसा टनाने विकत घेतला तरी भट्टीत जळते ती उष्णता. जानेवारी 2012 पासून आपल्याकडे कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते. जी-1 ते जी-17 अशा 17 प्रती, जी-2 पासून खाली प्रत्येक पायरी 300 किलोकॅलरीची. जी-10 म्हणजे किलोला 4,300 ते 4,600. इथवर बहुतेकांना माहीत असते. जे माहीत नसते, आणि ज्याने मला बुडवले, ते हे की कागदावरची प्रत प्रयोगशाळेतल्या ठरावीक दमटपणाला आणलेल्या नमुन्यावर काढतात. तुमच्या अंगणात उतरलेला कोळसा त्याहून ओला असू शकतो. समजा कागदावर 4,450 आहे आणि तो आकडा 8 टक्के ओलाव्याचा आहे. पावसात भिजून ओलावा 16 टक्के झाला, तर हाती साधारण 4,060 उरतात. एक पूर्ण पायरी खाली! वर पाण्याचे वजन काट्यावर कोळशाच्या भावाने मोजले जाते आणि भट्टीत ते पाणी उडवायला आणखी उष्णता जाते. आमच्या खोऱ्याचा कोळसा मुळातच ओलावा धरणारा आहे, त्यामुळे इथे हा हिशेब कोणी सोडू नये.

म्हणून दोन भाव समोर आले की मी आता एकच गणित करतो. समजा पहिला माल 4,000 रुपये टन आणि हाती येणारा उष्मांक 4,060. दुसरा 4,400 रुपये आणि कोरडा, 4,900. दहा लाख किलोकॅलरीला पहिला पडतो 985 रुपयांना, दुसरा 898 ला. चारशे रुपयांनी महाग दिसणारा माल खरा स्वस्त. हे गणित शाळेतल्या मुलालाही येईल, पण 2021 च्या ऑक्टोबरात मी ते केले नाही, कारण मला घाई होती.

ओलावा घरीही तपासता येतो. ढिगाच्या वरून नव्हे, खालून, मधून, चारी बाजूंनी मिळून एक घमेले माल घ्या. फोडून बारीक करा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. असे करत किलोभर उरला की नेमका तोला, उकळत्या पाण्याहून थोड्या जास्त उष्णतेच्या ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण फसवणूक लपत नाही. मोठी खरेदी असेल तर नागपूर किंवा चंद्रपूरच्या प्रयोगशाळेचा खर्च करा. एका गाडीच्या भाड्यापेक्षा तो कमीच असतो. पाषाण हाताला जड लागतो आणि फोडल्यावर चकाकत नाही. हे मिस्त्रीला माझ्याआधी कळत होते. भट्टीवरच्या माणसाला माल दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

साठवणीबद्दल. आमचा कोळसा उघड्यावर उन्हापावसात राहिला की तडकून भुकटी होतो आणि आतल्या आत तापतो. ढीग माणसाच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नका, लोडरने दाबून हवा काढा, नव्यात जुना मिसळू नका, आधी आला तो आधी जाळा. ढिगात लोखंडी सळई खोचून ठेवा. रोज संध्याकाळी उपसून हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर तो भाग त्याच दिवशी उकरून पसरा. वरवर पाणी मारून समाधान मानू नका, त्याने आतली आग विझत नाही. सहा आठवड्यांहून जास्त पुरेल इतका माल मी आता ठेवत नाही, आणि हंगामाच्या तोंडावर तीन आठवड्यांपेक्षा कमीही होऊ देत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट कराराची. कोळसा मोकळ्या बाजारातून घेणाऱ्याने चुन्याचा, विटांचा किंवा वाफेचा दर हंगामभर बांधून देऊ नये. माझ्या करारात आता एक ओळ असते, ठरलेल्या पायापेक्षा कोळसा दहा टक्क्यांहून जास्त हलला तर दर त्या प्रमाणात हलेल, वर आणि खालीही. ‘खालीही’ लिहिल्यावर खरेदीदार ऐकतो. एका कारखान्याने नकार दिला, ते काम मी सोडले. सोडताना जीव तुटला, पण सोडले.

बाजाराची आजची तऱ्हा वेगळी आहे. 2022 मध्ये न्यूकॅसलचा भाव 400 डॉलरच्या पुढे गेला होता, तो पुढे उतरत गेला. 2024-25 मध्ये देशाचे उत्पादन पहिल्यांदा 100 कोटी टनांवर गेले. वेस्टर्न कोलफिल्ड्सनेही त्या वर्षी 69 दशलक्ष टनांच्या आसपास कोळसा काढला. वीज केंद्रांकडे साठे आहेत, लिलावातली चढाओढ ओसरली आहे, डेपोवाले स्वतः फोन करतात. नेमक्या याच दिवसांत मला भीती वाटते, कारण 2020 मध्येही असेच होते. शिवाय एक गोष्ट बदलली आहे. 2022 मध्ये लिलावाच्या वेगवेगळ्या खिडक्या मोडून एकच केली गेली. पूर्वी बिगर-वीज ग्राहकांसाठी निराळी खिडकी असायची. आता टंचाई आली तर वीज कंपनी, व्यापारी आणि माझ्यासारखा भट्टीवाला एकाच बोलीत उभे राहणार. तिथे आपला टिकाव लागणे अवघड आहे. आमच्या परिसरातल्या भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन बोली लावावी, गाड्या एकत्र ठरवाव्यात, असे मी दोन वर्षे सांगतो आहे. पाच जण तयार झाले आहेत.

कराचा हिशेबही नव्याने मांडा. 22 सप्टेंबर 2025 पासून टनामागचा 400 रुपयांचा उपकर गेला आणि जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. गणित केले तर साधारण 3,077 रुपये टनाच्या खालचा कोळसा यात स्वस्त झाला, वरचा महागला. उपकराची वजावट आम्हाला मिळत नव्हती, जीएसटीची मिळते. म्हणजे वरवर फायदाच. पण चुन्यावरचा कर 5 टक्के आणि कोळशावरचा 18, त्यामुळे भरलेला कर खात्यात अडकून पडतो आणि परताव्यासाठी अर्ज करावा लागतो. तेवढे खेळते भांडवल बाजूला ठेवा आणि पक्क्या बिलाशिवाय माल घेऊ नका. बिलाविना दोनशे रुपयांनी स्वस्त देतो म्हणणारा तुमची वजावटही घेऊन जातो आणि मालाबद्दल भांडायची जागाही.

यंदा हंगामाचा पहिला ट्रक आला तेव्हा मी काट्याची पावती बघत होतो. मिस्त्री आधीच फाळक्यावर चढला होता. त्याने कोपरापर्यंत हात खुपसला, मूठ बाहेर काढून दाबली, उघडली. काळी पूड बोटांतून कोरडी सुटली. ‘उतरवू द्या,’ तो म्हणाला. मग मी पावतीवर सही केली.