मोबाइल वापरा, पण जपून!

मुलांनो, मोबाइल आज घराघरांत पोचला आहे. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले. दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. तेव्हा मोबाइल ही चैनीची वस्तू होती. आता भाजीवाल्याच्या हातातही तो दिसतो.

मोबाइलला तार नसते. मग आपला आवाज दूर कसा जातो? मोबाइल रेडिओलहरी सोडतो. त्या टॉवरपर्यंत पोचतात आणि तेथून आवाज पुढे जातो. या लहरींनी आपल्याला अपाय होतो का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल.

क्ष-किरणांत खूप शक्ती असते. ते शरीरातील अणूंमध्ये बदल घडवू शकतात. रेडिओलहरींत एवढी शक्ती नसते. त्या शरीराला फक्त थोडी ऊब देतात. ही ऊबही जास्त होऊ नये, म्हणून सरकारने मर्यादा ठरवली आहे. शरीर किती लहरी शोषते याच्या मापाला 'एसएआर' म्हणतात. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतात ही मर्यादा दर किलोग्रॅमला 1.6 वॅट आहे. बहुतेक मोबाइलवर 'स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश' ही बटणे दाबली की हा आकडा दिसतो. नवा मोबाइल घेताना तो अवश्य पाहा.

2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सांगितले, की या लहरींमुळे कर्करोग होण्याची शक्यता असू शकते. लोक घाबरले. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. पुढे या संघटनेने अनेक अभ्यासांची तपासणी करवून घेतली. 2024 मध्ये तिचा निष्कर्ष आला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही.

तरीही खबरदारी घेतलेली बरी. मोबाइल दूर धरला की लहरींचा जोर झपाट्याने कमी होतो. म्हणून लांबलचक बोलायचे असेल, तर इअरफोन वापरा. लिफ्टमध्ये किंवा तळघरात सिग्नल कमी मिळतो. तेथे मोबाइल अधिक जोराने लहरी सोडतो. अशा जागी थोडक्यात बोला.

बाजारात 'किरणे रोखणारे' स्टिकर मिळतात. जाहिरातीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. लहरी खरोखरच अडल्या, तर मोबाइल उलट अधिक जोर लावील! मग पैसेही गेले आणि फायदाही नाही.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. रस्ता ओलांडताना मोबाइल पाहणे जिवावर बेतते. उशीखाली मोबाइल ठेवून चार्ज केला, तर तो तापतो आणि आग लागू शकते. फुगलेली बॅटरी मुळीच वापरू नका. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने झोप बिघडते.

तुम्ही ग्राहकही आहात. खरेदीची पावती जपून ठेवा. दुकानदाराने फसवले, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर घरच्या मोठ्यांना तक्रार करायला सांगा. अफवेला भिऊ नका आणि जाहिरातीला भुलू नका. जाणता ग्राहक आधी विचारतो, मग विकत घेतो.

शब्दार्थ
अपाय – नुकसान
मर्यादा – हद्द
शोषणे – आत ओढून घेणे
निष्कर्ष – विचारान्ती निघालेले अनुमान
पावती – रसीद

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोबाइलवरचे पहिले संभाषण कोणत्या दोन शहरांमध्ये झाले?
(आ) लिफ्टमध्ये थोडक्यात का बोलावे?
2. कारण लिहा : 'किरणे रोखणारे' स्टिकर घेऊ नयेत.
3. वाक्यात उपयोग करा : डोळे झाकून विश्वास ठेवणे, जिवावर बेतणे.
4. 'खबरदारी', 'दुकानदार', 'फायदा' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच मराठी शब्द लिहा.