हातकागदाची वही : घरबसल्या जोडधंदा



उसाचे बिल हप्त्याने येते, घरखर्च मात्र रोजचा. म्हणून या धड्यात वहीबांधणीचा विचार करू.

हा धंदा आपल्या मुलखाला नवा नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत हातकागदाचेही काम चाले. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालची.

हातकागदाला सुती चिंध्या उत्तम, कारण कापसाचा धागा लांब. उसाच्या चोथ्याचा धागा आखूड. त्यात चिंध्यांचा लगदा मिसळला तर कागद चिवट होतो. पण लगद्याला यंत्र, पाणी, जागा सारेच लागते. म्हणून सुरुवातीला कागद विकत घ्यावा अन् बांधणी घरी करावी. घेताना शाईची एक रेघ ओढून पाहा. शाई फुटली तर तो कागद लिहिण्याच्या कामाचा नाही.

कृती : २२ × ३० इंची तावाचे साडेसात × ११ इंचाचे आठ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच × साडेसात इंचाची १६ पाने झाली. सहा तावांत ९६ पाने, म्हणजे १९२ पृष्ठे. चार-चार दुमडी एकात एक घालून १२ जुड्या करा, दोऱ्याने शिवा, पुठ्ठा व कापड चढवा. खळीत चिमूटभर मोरचूद घातले तर कसर लागत नाही. ते विषारी आहे, लेकरांपासून दूर ठेवा. वही रातभर पाट्याखाली दाबून ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो, म्हणून बांधणी उन्हाळ्यात उरकावी अन् माल लक्ष्मीपूजनाच्या वहीखरेदीला काढावा.

आता खरी गोष्ट, हिशेबाची. समजण्यापुरते आकडे धरू. कागद १५० रुपये, दोरा-पुठ्ठा-कापड ४०, जाणे-येणे व नासधूस ३०. झाले २२०. वही २५० ला विकली, तर घरधनी म्हणतो, "तीस रुपये सुटले नं!" पण घरच्या बाईचे दोन तास गेले, त्याचे काय? तासाला ५० धरले तरी वही ३२० ला पडली. म्हणजे ७० रुपये तिने पदरचे घातले. उसाच्या हिशेबातही घरची मजुरी आपण अशीच विसरतो.

तेव्हा पहिल्या खेपेला दहाच वह्या करा. अमरावती-अकोल्याच्या दुकानदाराला नमुना दाखवा, भाव ठरवा, उधारी देऊ नका. भाव मजुरीसकट निघत नसेल, तर वही लहान करा किंवा कापड साधे घ्या. बाईची मजुरी मात्र कापू नका. पहिली बांधलेली वही विकू नका; तीत जमाखर्च लिहा.